शेवटचा निर्णय कोणाचा, आणि उशाशी कोण?

प्राकृत आणि जैन साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना सोलापूरची फलटण गल्ली चांगली माहीत असते. जीवराज जैन ग्रंथमालेचे ग्रंथ तिथून निघाले. ज्यांच्या नावाने ही माला ओळखली जाते ते ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी सोलापूरचेच. १९४४ मध्ये त्यांनी सुमारे दोन लाखांची आपली सगळी मालमत्ता या कामासाठी ट्रस्ट करून देऊन टाकली, आणि १६ जानेवारी १९५७ रोजी, पौष पौर्णिमेला, समाधिमरणाची आराधना करत देह ठेवला. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला रोममध्ये पोप पायस बारावे भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. श्वास चालू ठेवणारी यंत्रं तेव्हा नुकतीच आली होती. रुग्णाला जगवत ठेवण्यासाठी असाधारण उपाय करतच राहायचं बंधन डॉक्टरवर नाही, असं त्यांनी सांगितलं.

इच्छामरणाचा विषय निघाला की एका बाजूला धर्म बसवला जातो आणि दुसऱ्या बाजूला आधुनिक विचार. मला ही मांडणी पटत नाही, आणि आपल्या सोलापूर भागात तर ती मुळीच लागू पडत नाही. इथल्या एका धर्मपरंपरेने मरणाची रीत इतकी बारकाईने लिहून ठेवली आहे की सर्वोच्च न्यायालयाची नियमावली वाचताना तिची पदोपदी आठवण यावी. दोन्ही रीती प्रत्यक्षात कशा चालतात ते सावकाश पाहू.

आधी जैनांची सल्लेखना, म्हणजे आहार टप्प्याटप्प्याने सोडत मरणाला सामोरं जाण्याचं व्रत; समाधिमरण ते हेच. ती केव्हा घ्यावी, हे आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात सांगितलं आहे: उपसर्ग म्हणजे जिवावरचं संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग यांपैकी काही आलं आणि त्यावर इलाज उरला नाही, तर. इलाज असेल तर सल्लेखना नाही. मग आहार एकदम तोडायचा नसतो. आधी घन अन्न कमी करायचं, मग दुधासारख्या पेयांवर यायचं, मग कांजी, मग नुसतं पाणी, आणि शेवटी तेही सोडायचं. वैर आणि माया मनातून काढायची, सगळ्यांची क्षमा मागायची आणि सगळ्यांना क्षमा करायची, हा त्याचाच भाग.

ही आत्महत्या नव्हे का, हा आक्षेप आजचा नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आसपास पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त त्याचं उत्तर दिलं आहे. त्यांचं म्हणणं असं की व्यापाऱ्याला आपल्या वखारीचा नाश कधीच नको असतो. आग लागली तर तो ती विझवायला धावतो, आणि विझेनाच तर निदान आतला मोलाचा माल वाचवतो. देह ही वखार आणि व्रतं हा माल. राग, द्वेष किंवा मोहापोटी विष घेणारा आत्मघात करतो. सल्लेखना घेणाऱ्याच्या मनात यातलं काही नसतं. ‘तत्त्वार्थसूत्रा’त तर याला आणखी धार आहे. सल्लेखनेत होणाऱ्या पाच दोषांत जगण्याची आस धरणं हा एक दोष आहे आणि लवकर मरण यावं असं वाटणं हा दुसरा. म्हणून जैन विद्वान सल्लेखनेला इच्छामरण म्हणायला तयार नसतात. मरण मागायचंच नाही, आलेल्याला सामोरं जायचं.

आपल्या भागातला याचा सर्वांत मोठा दाखला कुंथलगिरीचा. बार्शीच्या पुढे, धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात ही टेकडी आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचं हे सिद्धक्षेत्र. बेळगाव भागातल्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज ऐंशी ओलांडल्यावर इथे आले. त्यांची दृष्टी जात चालली होती. दिगंबर मुनीला पायाखालचा जीव दिसला पाहिजे आणि ओंजळीत पडणारा घास निरखता आला पाहिजे, नाहीतर अहिंसेचं व्रतच टिकत नाही. आपल्याला मोतीबिंदू झाला तर आपण चष्मा लावू, शस्त्रक्रिया करू, कोणाचा हात धरू. त्यांच्या लेखी डोळे गेले म्हणजे मुनिधर्म पाळण्याची ताकद गेली. १४ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांनी सल्लेखना घेतली आणि छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबरला, त्यांचं देहावसान झालं. मधल्या काळात, ८ सप्टेंबरला, त्यांनी मराठीतून शेवटचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रितही झाला. इतक्या दिवसांच्या उपवासानंतर माणूस शुद्धीत राहून बोलतो, ही गोष्ट पुढच्या चर्चेसाठी महत्त्वाची आहे. निर्णय त्याचा होता आणि तो बदलण्याची मुभाही अखेरपर्यंत त्याच्याच हातात होती.

मला मात्र सगळ्यांत जास्त थांबवतो तो ‘भगवती आराधना’ हा ग्रंथ. शिवार्यांचा हा प्राकृत ग्रंथ, दोन हजारांहून अधिक गाथांचा. सोलापूरच्या याच मालेने तो १९७८ मध्ये हिंदी अनुवादासह छापला. मरणाच्या वाटेवरच्या साधूभोवती अठ्ठेचाळीस निर्यापक असावेत, असं त्यात आहे. निर्यापक म्हणजे पैलतीरी नेणारे सेवेकरी. त्यांची कामंही चौघाचौघांत वाटून दिली आहेत. चौघांनी त्याला उठवायचं, बसवायचं, कूस बदलून द्यायची. चौघांनी धर्मकथा सांगायची. कोणी आहार पाहायचा, कोणी पाणी, कोणी मलमूत्र काढायचं, कोणी दार राखायचं, कोणी रात्रभर जागायचं. इतके जण मिळाले नाहीत तर संख्या कमी करत दोघांवर यावं, पण एकट्यावर हे काम कधी सोपवू नये. एकटा सेवेकरी भिक्षेला गेला तर मरणारा एकटा पडेल.

परवानगीचंही तसंच. शिष्याने मागितली म्हणून गुरूने द्यायलाच हवी, असं नाही. परंपरेत कथा आहे की खुद्द समंतभद्रांना भस्मक रोग झाला, कितीही खाल्लं तरी भूक शमेना, तेव्हा त्यांनी सल्लेखनेची आज्ञा मागितली. गुरूंनी ती नाकारली. मुनिवेश उतरव, बरा हो, तुझ्या हातून अजून पुष्कळ काम व्हायचं आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. म्हणजे सल्लेखनेचे नियम ज्यांच्या ग्रंथातून सांगितले जातात, त्यांनाच एकदा नकार मिळाला होता.

टीकाकारांचा मुद्दा याच ठिकाणी येतो आणि तो गंभीर आहे. शास्त्रात अटी आहेत, पण गावात मिरवणूक निघाली, दर्शनाला रांगा लागल्या, तर एखाद्या वृद्ध बाईला ‘मला आता पाणी हवं’ असं म्हणता येईल का? राजस्थानात २००६ मध्ये याच अंगाने याचिका झाली. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला, म्हणजे सल्लेखनेलाच, आत्महत्येच्या रांगेत बसवलं. देशभर जैन समाज रस्त्यावर उतरला आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. माझं मत असं की व्रताला विरोध करण्याऐवजी गाजावाजाला विरोध करावा. निर्यापक हवेत, प्रेक्षक नकोत.

हिंदू परंपरेत प्रायोपवेशन आहे, म्हणजे अन्नपाणी सोडून मरणाला सामोरं जाणं. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १ फेब्रुवारी १९६६ पासून अन्न, पाणी आणि औषध सोडलं. २६ फेब्रुवारीला ते गेले. विनोबांनी पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच केलं आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी देह ठेवला. तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, पण त्यांना कोणी अडवलं नाही. इस्लामात जीव ही अल्लाची ठेव, ती आपल्या हाताने संपवणं निषिद्ध. तरी मेंदू मृत झाल्याचं निदान पक्कं झालं की यंत्रं काढता येतात, असा निर्णय १९८६ साली अम्मानला इस्लामी फिक्ह परिषदेने दिला. कॅथलिक भूमिका वर आलीच आहे: मारू नये, पण मरण लांबवण्याची सक्तीही नाही. सगळ्यांच्या बोलण्यात एक रेघ साधारण त्याच जागी पडते. जीव घेणारं इंजेक्शन रेघेच्या पलीकडे आणि व्यर्थ झालेला उपचार थांबवणं अलीकडे.

भारतीय कायद्यानेही रेघ तिथेच मारली आहे, पण तिथे पोचायला एका परिचारिकेचं आयुष्य खर्ची पडलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. केईएमच्या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हत्या; त्यांना मऊ केलेलं अन्न भरवलं जात होतं. तेव्हा थांबवायचं ते काय, घास? इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर एक बेडसोर नव्हता, याची नोंद न्यायालयाने घेतली. ७ मार्च २०११ च्या निकालात याचिका फेटाळली गेली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा, असं न्यायालयाने मानलं. पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालाने देशाला खुली केली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेल्या. मला त्या परिचारिका आणि भगवती आराधनेतले निर्यापक एकाच घराण्यातले वाटतात.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला, मान्यता दिली. त्यातली कार्यपद्धती इतकी किचकट होती की ती कोणी वापरेना. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी झाली. आता ती अशी चालते.

अठरा वर्षांवरची, मनाने धड असलेली कोणतीही व्यक्ती लिहून ठेवू शकते की माझा आजार बरा होण्यापलीकडे गेला आणि मला सांगता येईनासं झालं, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणं यांपैकी काय करावं आणि काय करू नये. आपल्या वतीने बोलणाऱ्या एका किंवा अधिक माणसांची नावं त्यात द्यायची. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. पूर्वी यासाठी न्यायदंडाधिकारी लागत. एक प्रत नेमलेल्या माणसाला, एक घरच्या डॉक्टरांना, एक महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यावर महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले गेले. गोव्यात अशी नोंद करणारे पहिले गृहस्थ म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक, २०२४ मध्ये. लिहिलेलं केव्हाही रद्द करता येतं.

वेळ आली की रुग्णालयाचं पहिलं मंडळ बसतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. शक्यतो ४८ तासांत त्यांनी मत द्यायचं. ते अनुकूल असेल तर दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळं आणि नातेवाईक एकमताचे असतील तर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवता येतात. मतभेद झाला तर उच्च न्यायालय. लिव्हिंग विल नसेल तरी हाच रस्ता, फक्त संमती घरच्यांची. जीव घेणारं औषध टोचणं मात्र रुग्णाने हात जोडून मागितलं तरी सदोष मनुष्यवध ठरतं. नेदरलँड्समध्ये २००२ पासून ते अटींसह कायदेशीर आहे, आपल्याकडे नाही.

आता कागद बाजूला ठेवून अतिदक्षता विभागाच्या दारात या. सोलापुरात धाराशिवपासून विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण येतात. बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं बसलेली असतात. कोणाच्या हातात औषधांची चिठ्ठी, कोणाच्या हातात बिल. डॉक्टर सांगतात, आता आशा नाही. पण मंडळाची गोष्ट कोणी काढत नाही, कारण ती कोणाला माहीतच नसते. मग पैसे संपले की थोरला मुलगा ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे’ या कागदावर सही करतो. नळ्या निघतात, अँब्युलन्स गावाच्या रस्त्याला लागते. वाटेत श्वास कोंडतो तेव्हा मॉर्फीन नसतं, परिचारिका नसते. हेही उपचार थांबवणंच आहे, फक्त मंडळाशिवाय, वेदनाशामकाशिवाय, आणि आयुष्यभर पुरणाऱ्या अपराधी भावनेसह. इच्छामरण द्यावं की नाही यावर व्याख्यानं झडतात, आणि हे रोज चाललेलं असतं.

म्हणून मला वाटतं, नव्या कायद्याआधी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना हलक्या करणारी शुश्रूषा, हवी. मॉर्फीनचे नियम २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाले. आता मॉर्फीन तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोचवणं सरकारचं काम आहे. दोन मंडळं नेमणं नियमाने होतं. कूस बदलून देणारी माणसं नेमावी लागतात.

तुमच्या घरी ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर ते धडधाकट असतानाच विचारा: बाबा, आई, तुम्हाला शेवटी काय चालेल आणि काय नको? सांगतील ते लिहून घ्या, दोन साक्षीदार बोलवा, नोटरीकडे जा, आणि एक प्रत घरच्या डॉक्टरांच्या हातात द्या. मग स्वतःचंही लिहा.