कालचे तस्कर, आजचे पहारेकरी! पेरियारच्या जंगलात हत्तींसाठी नेमके काय बदलले?

हस्तिदंतासाठी हत्तीवर गोळी झाडणारा बाहेरचा असू शकतो. पण त्याला हत्तीपर्यंत नेणारा बहुतेक वेळा जवळच्या गावचाच असतो. पाणवठे कुठे आहेत, कळप कोणत्या वाटेने जातो, गस्त कधी येते, हे त्यालाच ठाऊक असते. केरळमधील पेरियार व्याघ्र प्रकल्पाने हाच दुवा आपल्या बाजूला वळवला. कसा, ते समजून घेऊया.

शिकारीत नरच का मारले जातात?

आशियाई हत्तींमध्ये मोठे सुळे फक्त नरांना येतात, तेही सर्वांना नाही. बिनसुळ्यांच्या नराला 'मखना' म्हणतात. त्यामुळे शिकाऱ्यांचा नेम सुळेवाल्या नरांवरच असतो. पेरियारमध्ये १९६९ साली एका प्रौढ नरामागे ६ माद्या होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रमाण एका नरामागे १२२ माद्या इतके बिघडले. कळप भरलेले दिसत होते, पण पिल्लांचे जन्म घटले होते.

कायदा नव्हता का?

होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर, तर १९९१ मध्ये आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावरही बंदी आली. मात्र डोंगराळ, घनदाट आणि तामिळनाडूच्या सीमेला लागून असलेल्या जंगलात प्रत्येक पायवाटेवर वनरक्षक उभा करणे शक्य नव्हते.

मग काय केले?

१९९६ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने 'इंडिया इको-डेव्हलपमेंट' प्रकल्प सुरू झाला. जंगलालगतच्या वस्त्यांमध्ये समित्या स्थापन झाल्या. त्यातली सर्वात धाडसी समिती होती 'वयना' या रानदालचिनीच्या सालीची तस्करी करणाऱ्यांची. तस्करी सोडायची, वनखात्याला मदत करायची आणि त्या बदल्यात जुने खटले मागे घ्यायचे, असा तोडगा निघाला.

पुढे याच लोकांनी पर्यटकांसाठी 'पेरियार टायगर ट्रेल' ही जंगलातील पदभ्रमंती चालवायला घेतली. यात एका दगडात दोन पक्षी मारले गेले. पर्यटकांना फिरवताना गस्तही होते आणि घरी हक्काची कमाईही येते. चोरवाटा त्यांना आधीपासूनच पाठ होत्या.

महिलांची भूमिका काय?

२००२ पासून 'वसंत सेना' या गटातील स्थानिक महिला विनामोबदला आळीपाळीने जंगलात गस्त घालतात. चंदनाची झाडे वाचवणे हा मुख्य हेतू असला, तरी जंगलात अनोळखी माणूस दिसला की त्याची खबर लागते.

धोका संपला का?

नाही. २०१५ मध्ये केरळच्याच मलयाट्टूर वनविभागात हत्तींच्या शिकारीचे मोठे जाळे उघड झाले. तेही टोळीसोबत जंगलात गेलेल्या एका माणसाने स्वतःहून कबुली दिल्यामुळे. म्हणजे खबर पुन्हा गावातूनच आली.

यातून धडा काय?

'हत्ती वाचवा' असे फलक लावून जागृती होत नाही. जिवंत हत्तीमुळे गावाला रोजगार मिळाला आणि गावाने दिलेली माहिती वनखात्याने गांभीर्याने घेतली, तरच माणसे पुढे येतात. पर्यटन थांबले किंवा मजुरी रखडली, तर हा विश्वासही डळमळू शकतो. म्हणूनच गावासोबतचा हा करार दरवर्षी पाळावा लागतो.