बिनक्लचची मोटार आणि वॉरंटीचा कागद

पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते. येणारा-जाणारा तिथे वाघोबाला हात जोडतो आणि पुढे जातो. मागच्या मे महिन्यात माझा भाचा त्याच चढावर मोटारीसकट अडकला. पुढे एक ट्रक बंद पडला होता. मागे गाड्यांची ही मोठी रांग. मोटार चार हात पुढे जायची, थांबायची, पुन्हा चार हात जायची. पाऊण तास असे चालले. मग जळका वास येऊ लागला. इंजिनाचा आवाज वाढे, पण गाडी पुढे सरकेना.

रात्री भाचा घरी आला. म्हणाला, "मामा, माझ्या गाडीला क्लचच नाही. पायाखाली दोनच पेडल आहेत, एक ब्रेक आणि एक रेस. तरी मिस्त्री म्हणतो, क्लच जळला. नसलेली वस्तू जळेल कशी?"

प्रश्न बरोबर होता. मी शाळामास्तर. मला मोटारीतले काय कळणार? म्हणून बोईसरला एका जुन्या मिस्त्रींच्या गॅरेजात दोन दिवस जाऊन बसलो. गाडीबरोबर मिळालेले पुस्तकही वाचून काढले. जे कळले ते तुम्हाला सांगतो. आपल्या भागात आता मोटार घरोघरी येऊ लागली आहे. कोणाची जमीन बुलेट ट्रेनमध्ये गेली, कोणाची मुंबई-वडोदरा महामार्गात. त्याचे पैसे आले. कोणी तारापूरच्या कारखान्यात पंधरा वर्षे राबला आणि कर्ज काढून गाडी घेतली. जमिनीचा पैसा एकदाच येतो. तो ज्या वस्तूत घातला ती वस्तू कशी चालते, हे आपल्याला ठाऊक असावे.

आधी गिअर म्हणजे काय ते पाहू. डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन आपण टेकडी चढतो, तेव्हा लहान लहान पावले टाकतो. सपाटीला आलो की लांब टांगा टाकतो. माणूस तोच, ताकद तीच, पाऊल मात्र वेगळे. मोटारीचेही तसेच आहे. इंजिन आपल्या गतीने फिरत असते. चढावर चाकाला जोर हवा, वेग नको. मोकळ्या रस्त्यावर वेग हवा, जोर थोडा पुरतो. लहान-मोठ्या दातेरी चाकांची एक पेटी हा बदल करून देते. तिला गिअरबॉक्स म्हणतात.

आता क्लच. दोन थाळ्या पाठीला पाठ लावून घट्ट दाबा. एक फिरवली की दुसरीही फिरते. सैल सोडा. एक फिरते, दुसरी उभी राहते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अशाच थाळ्या असतात. गिअर बदलताना त्या क्षणभर सैल कराव्या लागतात. जुन्या गाडीत हे काम आपला डावा पाय करतो. पण थाळ्या धड घट्ट नाहीत, धड सैल नाहीत, अशा ठेवल्या तर काय होईल? त्या एकमेकींवर घासतील, तापतील, झिजतील.

भाच्याच्या गाडीत हेच झाले होते. त्याच्या गाडीला क्लच आहे. फक्त तो दाबायला माणसाचा पाय नाही. गाडीतला एक छोटा संगणक हुकूम देतो आणि एक यांत्रिक हात क्लच दाबतो, गिअर बदलतो. आपल्या देशात स्वस्त मोटारीत ही सोय मारुतीच्या सेलेरिओ गाडीने २०१४ साली आणली. मग इतर कंपन्यांनीही ती केली. आपल्याकडे कमी किमतीची ऑटोमॅटिक म्हणून जी गाडी विकतात, ती बहुतेक याच जातीची असते. हिला एएमटी म्हणतात. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, ही साधीच गाडी समजा. ड्रायव्हर तेवढा आत लपून बसलाय."

चढावर भाचा ब्रेक न दाबता रेसवर पाय ठेवून गाडी तोलून धरत होता. आतल्या यंत्राने थाळ्या अर्धवट दाबून धरल्या. पाऊण तास त्या घासत राहिल्या. वास त्यांचाच.

ऑटोमॅटिकच्या दुसऱ्याही जाती आहेत. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरा हळूहळू फिरू लागेल. एका जातीत इंजिनाची ताकद अशीच पुढे जाते, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असते. हिला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. ही जात जुनी आणि टिकाऊ, पण सारा जीव तेलात. तेल जळून काळे झाले आणि बदलले नाही, तर दुरुस्तीचा खर्च फार मोठा येतो. तिसऱ्या जातीत दातेरी चाकांऐवजी पट्टा असतो. तो आपल्या ओळखीचा आहे. बिनगिअरच्या स्कूटरला असाच पट्टा असतो. पुण्याच्या फिरोदियांनी जपानच्या होंडा कंपनीबरोबर कायनेटिक होंडा ही स्कूटर काढली ती १९८४ साली. तेव्हापासून आपले लोक पट्ट्याच्या गाड्या चालवत आले आहेत. चौथ्या जातीत दोन क्लच असतात. ती गाडी पळते झकास, पण तिचा क्लच तेलात बुडालेला नसेल, कोरडा असेल, तर उन्हाळ्यात रांगेत सरकताना तो लवकर तापतो. महामार्गावर वसईच्या खाडीपुलाशी रोज ज्याला कोंडीत सापडायचे आहे, त्याने ती घेण्याआधी दोनदा विचार करावा, असे माझे मत झाले.

मग ऑटोमॅटिक गाडी घेऊच नये का? तसे नाही. गुडघा दुखणाऱ्याला, नव्याने शिकणाऱ्या बाईमाणसाला ती फार सोयीची. फक्त तिची रीत पाळावी. चढावर थांबलात तर ब्रेक दाबा. जास्त वेळ थांबायचे असेल तर हँडब्रेक ओढा. रेसवर गाडी तोलून धरू नका. पुढे जागा होऊ द्या, मग एकदम दहा-वीस हात जा. इंचाइंचाने सरकू नका. घाट उतरताना डिझेल-पेट्रोल वाचवायला म्हणून काही जण गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. हे धोक्याचे आहे. इंजिनाचा आवर राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून कमी लागतात. खालच्या गिअरवर उतरा. गाडी पुरती उभी राहिल्याशिवाय पुढचा गिअर सोडून रिव्हर्स टाकू नका.

तेल बदलायची वेळ गाडीच्या पुस्तकात लिहिलेली असते. त्यात जे तेल लिहिले आहे तेच घाला. सगळी तेले सारखीच, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटीत साधे गिअरचे तेल घातले तर ती पेटी गेलीच म्हणून समजा. सकाळी गाडी काढल्यावर जमिनीवर डाग दिसतो का, तेवढे बघत जा.

आणि पाणी. आपल्याकडचा पाऊस काय सांगावा! ओढ्यावरची फरशी बुडाली की "जाईल रे गाडी" म्हणणारे चार जण काठावर उभेच असतात. गाडी वाहून जाण्याची भीती तर आहेच. शिवाय या गाड्यांत संगणक असतो, तारा असतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून बघू नये. ऑटोमॅटिक गाडी दोरीने लांबवर ओढतही नेऊ नये. तेलावर चालणाऱ्या पेटीत इंजिन बंद असले की तेल फिरवणारा पंप बंद असतो आणि आतली चाके कोरडी घासतात. गाडी उचलून न्यावी.

आता कागदाकडे वळू. भाच्याने गाडी घेताना चौदा हजार रुपये भरून वाढीव वॉरंटी घेतली होती. विकणारा म्हणाला होता, "काका, काळजी सोडा, सगळं येतं यात." कागद इंग्रजीत. भाच्याने सही केली. क्लच जळल्यावर कागद बाहेर निघाला. चौथ्या पानावर बारीक अक्षरात लिहिले होते की क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर, वायपर अशा झिजणाऱ्या वस्तू यात येत नाहीत. प्लेटचा खर्च खिशातून गेला.

वॉरंटी म्हणजे काय? वस्तू बनवण्यात दोष राहिला असेल तर आम्ही फुकट दुरुस्त करू, हा कंपनीचा लेखी शब्द. त्याची मुदत वर्षांत असते आणि किलोमीटरमध्येही असते. दोन्हींपैकी जी आधी संपेल ती खरी. जास्त पैसे भरून ही मुदत लांबवता येते. तीच वाढीव वॉरंटी. हा विमा नव्हे. अपघात झाला, पूर आला, तर ते विम्याचे काम. पण पाण्यात गाडी सुरू केल्याने इंजिन गेले, तर साध्या विम्यातही ते सहसा येत नाही. त्यासाठी विम्यात वेगळी भर घालावी लागते.

वाढीव वॉरंटी घ्यावी की न घ्यावी? ऑटोमॅटिक गाडीला घ्यावी असे मला वाटते. आतला संगणक आणि तो यांत्रिक हात महाग असतात, आणि ते सहसा वॉरंटीत येतात. पण पैसे देण्याआधी विचारून घ्या आणि उत्तर लिहून मागा. हा शब्द गाडी बनवणाऱ्या कंपनीचा आहे की दुकानदाराने दुसऱ्याच कोणाचा विकला आहे? गिअरबॉक्समधले काय येते, काय येत नाही? गावापासून लांब बंद पडली तर कोणत्या गॅरेजात चालेल? आणि भाड्याने चालवली तर? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन बोईसर स्टेशनवरून कामगारांची भाडी मारणारे पुष्कळ आहेत. तसे करणे कायद्यात बसत नाहीच, वर वॉरंटीही जाऊ शकते.

भाच्याची गोष्ट तिथे संपली नाही. दिवाळीनंतर गाडी एका गिअरमध्ये अडकून बसली. यांत्रिक हात बिघडला होता. गॅरेजवाला म्हणाला, "तुमची सर्व्हिस वेळेवर झालेली नाही. वॉरंटी रद्द." भाचा तोंड पाडून परत आला. पण माझी भाचेसून रात्रीच्या वर्गात शिकलेली. ती सगळ्या पावत्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवते. तिने पावत्या काढल्या, तारखा आणि किलोमीटर एकाखाली एक लिहिले. सगळ्या सर्व्हिस वेळेत होत्या. एक दुसऱ्या शहरात, त्याच कंपनीच्या गॅरेजात झाली होती. ती यांच्या वहीत चढली नव्हती. पावत्यांच्या नकला घेऊन दोघे गेले. दुरुस्ती फुकट झाली.

तरीही नकार मिळाला असता तर? आधी लेखी तक्रार द्यायची आणि तिची पोच घ्यायची. मग १९१५ या क्रमांकावर फोन करायचा. ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे, तिथे मराठीतही बोलता येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहकाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. तेव्हा दुकानदार जिथला, साधारण तिथेच दावा लावावा लागे. नवा कायदा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दावा लावता येतो. तो दोन वर्षांच्या आत लावावा. वकील दिलाच पाहिजे असे नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांना चारशे.

धंद्यासाठी वस्तू घेणाऱ्याला या कायद्यात ग्राहक मानत नाहीत. पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ज्याने टॅक्सी घेतली, तो ग्राहकच आहे. भाच्याने आता पिवळ्या पाटीसाठी अर्ज केला आहे. नव्या वॉरंटीचा कागद मात्र त्याने अजून सही करून दिलेला नाही. चौथे पान भाचेसुनेकडे आहे.