पळसदेवचे पाणी : कोठे थांबावे, केव्हा परतावे

पुण्याहून सोलापूरकडे जाताना इंदापूर तालुक्यात पळसदेवजवळ डाव्या हाताला उजनीचा जलाशय दिसू लागतो. १९८० साली भीमेवरील हे धरण पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली जुने पळसदेव गेले, तसेच पळसनाथाचे प्राचीन मंदिरही गेले. गाव उंचावर पुन्हा वसले आणि तेथे पळसनाथाचे नवे मंदिर उभे राहिले. जुने मंदिर मात्र पाणी उतरू लागले की शिखरापासून हळूहळू वर येते. ते पाहण्यासाठी सुट्टीच्या दिवशी बारामती, इंदापूर, भिगवण येथील कुटुंबे होड्यांतून एकत्र निघतात.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी असते. उजनीला ती वर्षातून एकदाच येते. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयात पावसाळ्याअखेर जेथे खोल पाणी असते, तेथे उन्हाळ्यात कोरडी माती लागते. हिवाळ्यातील बेट मे महिन्यात टेकडी होते. पूर्वी होडी जेथे सहज लागली, तेथेच पुढच्या फेरीस पाण्याखालची जुनी भिंत किंवा बाभळीचे खोड तळाला घासू शकते. म्हणून जागेची आठवण पुरेशी नसते. त्या आठवड्याचे पाणी ओळखणारा स्थानिक नावाडी बरोबर असावा लागतो.

शिडाच्या नौकेतून बेटाबेटांवर मुक्काम करीत फिरणारे दर्यावर्दी नांगर टाकण्यापूर्वी काही गोष्टी पाहतात : पाणी किती खोल आहे, तळ चिखलाचा की खडकाचा, वारा कोणत्या दिशेचा आहे आणि तो फिरला तर बाहेर पडण्यास वाट मोकळी आहे का. पळसदेवच्या लहान होडीलाही हीच कसोटी लागू पडते. वारा ज्या काठावर आदळतो, तेथे होडी दगडांवर आपटते. आडोशाच्या बाजूला ती शांत राहते. मंदिराच्या चिरांना मात्र दोर बांधू नये. वर्षानुवर्षे पाण्यात भिजलेले ते बांधकाम आहे.

उजनीचे पाणी बहुधा शांत दिसते आणि त्यामुळेच माणूस बेसावध होतो. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जणांना जीव गमवावा लागला. ती नेहमीच्या ये-जा करण्याची वाट होती. वळवाच्या ढगापुढे धावणारा वारा मोकळ्या, रुंद पाण्यावर थोड्या वेळात मोठ्या लाटा उठवतो आणि काठ कमी उंचीच्या होडीत पाणी शिरू लागते.

अशा वेळी सोबतीच्या होड्यांचे मोल कळते. दोन-तीन होड्यांनी एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात राहावे आणि सर्वांत हळू होडीच्या गतीने चालावे. प्रत्येकाने, पोहता येणाऱ्यानेही, लाइफ जॅकेट काठावरच अंगावर घालावे. होडीत ठेवलेले जॅकेट ऐन वेळी हाती लागत नाही. क्षमतेपेक्षा एकही माणूस अधिक नसावा. छायाचित्रासाठी सर्वांनी एका बाजूला उभे राहू नये. आकाश काळवंडले की एकाने ‘परत’ म्हणावे आणि उरलेल्यांनी वाद न घालता ते मानावे. दर्शन राहिले तर पुढच्या वर्षी पाणी पुन्हा उतरणारच आहे.

या जलाशयात हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब यांसारखे पाहुणे पक्षी येतात. उथळ पाण्यात चरणाऱ्या थव्याजवळ यंत्र चालू ठेवून होडी नेली, तर सारा थवा उडतो आणि त्यांचे खाणे मोडते. दुरूनच यंत्र बंद करून स्तब्ध बसावे. जीवदया पाळणाऱ्या घरांतील मुलांना तेथे अहिंसेचा धडा निराळा द्यावा लागत नाही.

परतण्याची वेळ ठरवणेही या कुटुंबांना कठीण नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची शिस्त ज्यांच्या घरी आहे, त्यांनी त्याच घड्याळाने होडी काठाला लावावी. ऊन कलण्याआधी सर्व होड्या लागल्या, माणसे मोजून पूर्ण भरली आणि डबा काठावरच्या सावलीत उघडला, म्हणजे सहल खरी पूर्ण झाली.