दोन सेंटिमीटरचा वाद
(लेखांक चौथा)

१३ जुलै २०१७. लंडनच्या उच्च न्यायालयात अकरा महिन्यांच्या एका बाळाच्या डोक्याचा घेर किती, यावर युक्तिवाद चालला होता. चार्ली गार्डचं डोकं पुरेसं वाढलेलं नाही, म्हणजेच मेंदूची वाढ खुंटली आहे, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. आई कॉनी येट्स यांनी स्वतः मोजलं, तर त्यांच्या आणि रुग्णालयाच्या आकड्यात दोन सेंटिमीटरचा फरक निघाला. न्या. निकोलस फ्रान्सिस वैतागले. एका मुलाची कवटी नीट मोजता येत नाही म्हणून खटल्यातलं सगळं विज्ञान अडून बसावं, हे त्यांना हास्यास्पद वाटलं. त्याच सुनावणीत न्यायाधीशांच्या एका विधानावरून खटका उडाला आणि आईवडील तावातावानं न्यायालयाबाहेर निघून गेले.

मागच्या लेखात आपण मेंदूमृत्यू म्हणजे काय, हे पाहिलं. चार्लीची गोष्ट तिथून एक पाऊल अलीकडची, आणि म्हणूनच जास्त अवघड आहे. हे बाळ जिवंत होतं, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. त्याला व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही आणि ते ठरवायचं कुणी, एवढाच प्रश्न होता.

चार्लीचा जन्म ४ ऑगस्ट २०१६चा. पहिले काही आठवडे सगळं ठीक वाटत होतं. मग तो मान धरेना, वजन वाढेना. ऑक्टोबरमध्ये त्याला लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात दाखल केलं. १८५२मध्ये सुरू झालेलं हे मुलांचं रुग्णालय जगभर नावाजलेलं आहे. तिथल्या तपासणीत निदान झालं ते अतिशय दुर्मिळ आजाराचं. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए या आजारात झिजत जातो. स्नायू, मेंदू, श्वास असं सगळंच हळूहळू बंद पडत जातं. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं, तर मुलाला हा आजार होतो. दोघंही धडधाकट, त्यामुळे त्यांना याची कल्पना असण्याचं कारणच नव्हतं.

इथपर्यंत भांडण नव्हतं. अमेरिकेत डॉ. मिचिओ हिरानो न्यूक्लिओसाइड थेरपी नावाचा प्रायोगिक उपचार करत होते. याच आजाराच्या वेगळ्या प्रकारात तो काही मुलांना दिला गेला होता. चार्लीच्या प्रकारात कुणालाच नाही. जानेवारी २०१७मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचे डॉक्टरही तो करून पाहण्याच्या विचारात होते. मात्र त्याच सुमारास चार्लीला झटके येऊ लागले. मेंदूला कायमची इजा झाली आहे, आता औषधानं काही साधणार नाही, उलट बाळाचे हाल लांबतील, असं डॉक्टरांचं मत झालं. आईवडिलांचं मत नेमकं उलट होतं. पोरगं झुंजतंय, तर आपण माघार का घ्यायची? त्यांनी लोकांकडे मदत मागितली आणि तेरा लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. पैशाचा प्रश्न मिटला, विमानाची सोयही होऊ शकत होती. तरी रुग्णालय मुलाला सोडायला तयार नव्हतं. ते न्यायालयात गेलं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे ठेच लागते. पोटच्या पोराला दुसऱ्या दवाखान्यात न्यायला कोर्टाची परवानगी कशाला? महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना याच्या उलट चित्र माहीत आहे. आयसीयूचं बिल फुगत जातं, गाठीचे पैसे संपतात आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ असं लिहून देऊन नातेवाईक पेशंटला घरी आणतात. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत आईबापांना बिल भरावं लागत नाही, त्यामुळे तिथे वाद उरतो तो फक्त मुलाच्या भल्याचा. आणि तिथला कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे. १९८९च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टनुसार न्यायालयापुढे मुलाचं हित सर्वांत वरचं. आईवडिलांचा अधिकार मोठा खरा, पण तो मुलासाठी आहे. डॉक्टर आणि पालक यांचं पटलं नाही, तर निर्णय न्यायाधीशाचा. मुलाच्या वतीनं बोलायला न्यायालय स्वतंत्र प्रतिनिधी (गार्डियन) नेमतं, त्याला वेगळा वकीलही मिळतो. चार्लीच्या खटल्यात म्हणूनच दोन नव्हे, तीन पक्ष होते.

११ एप्रिल २०१७ला न्या. फ्रान्सिस यांनी व्हेंटिलेटर काढायला परवानगी दिली. आईवडील अपिलात गेले. त्यांच्या वकिलांचा मुद्दा वजनदार होता: पालकांच्या निर्णयानं मुलाला गंभीर इजा होणार असेल तरच राज्यसंस्थेनं मध्ये पडावं, केवळ न्यायाधीशाला दुसरा मार्ग बरा वाटतो म्हणून आईबापांना बाजूला सारू नये. २३ मेला अपील न्यायालयानं हा मुद्दा फेटाळला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दार बंद केलं आणि २७ जूनला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानंही.

तोवर हा खटला लंडनचा राहिला नव्हता. व्हॅटिकनच्या अखत्यारीतल्या रोममधल्या बालरुग्णालयानं चार्लीला घेण्याची तयारी दाखवली. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी मदतीचं ट्वीट केलं. रस्त्यावर निदर्शनं सुरू झाली. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या कर्मचाऱ्यांना शिवीगाळ झाली, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच इमारतीत इतर आजारी मुलं होती, त्यांचे आईबाप होते, रात्रपाळीच्या नर्स होत्या.

उपचाराबद्दल नवा पुरावा असल्याच्या दाव्यामुळे जुलैमध्ये खटला पुन्हा उभा राहिला. दोन सेंटिमीटरचा वाद झाला तो या फेरीत. १७ जुलैला डॉ. हिरानो लंडनला आले आणि त्यांनी चार्लीला पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. जानेवारीतच त्यांना बोलावलं होतं, असं रुग्णालयाचं म्हणणं. नव्या स्कॅनमध्ये स्नायूंची भरून न येणारी झीज दिसली. २४ जुलैला आईवडिलांनी आपली मागणी मागे घेतली. वेळेवर उपचार मिळाले असते तर मुलगा सुधारला असता, असं ते तेव्हाही म्हणत होते. त्यानंतरही, शेवटचे तास घरी की हॉस्पिसमध्ये (अखेरच्या काळातल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात), घराच्या दारातून व्हेंटिलेटर आत जाईल का, यावरून दोन्ही बाजू न्यायाधीशांसमोर उभ्या राहिल्या. २८ जुलैला हॉस्पिसमध्ये चार्ली गेला. आठवड्यावर त्याचा पहिला वाढदिवस होता.

मग हा कायदा नेहमी डॉक्टरांच्याच बाजूनं झुकतो का? तफिदा रकीबचा निकाल त्याला छेद देतो. फेब्रुवारी २०१९मध्ये पूर्व लंडनमधल्या या चार वर्षांच्या मुलीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. व्हेंटिलेटर काढावा, असं रॉयल लंडन रुग्णालयाचं मत. इटलीतल्या जिनोआचं गास्लिनी रुग्णालय तिला घ्यायला तयार. ३ ऑक्टोबर २०१९ला न्या. मॅकडोनाल्ड यांनी आईवडिलांच्या बाजूनं निकाल दिला. कायदा तोच, कसोटीही तीच. फरक होता तो मुलीच्या अवस्थेत: तिला वेदना जाणवत असल्याचं दिसत नव्हतं, प्रकृती स्थिर होती, पुढे घरी व्हेंटिलेटरवर सांभाळता येईल अशी शक्यता होती. कुटुंबाच्या इस्लामी श्रद्धेचाही न्यायाधीशांनी विचार केला. तफिदा जिनोआला गेली आणि जानेवारी २०२०मध्ये आयसीयूतून बाहेर आली.

याच ब्रिटिश न्यायविचाराचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. परळच्या केईएम रुग्णालयात अनेक वर्षं निश्चेष्ट पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं अशाच निश्चेष्ट रुग्णाचे उपचार थांबवू देणाऱ्या, ब्रिटनमधल्या १९९३च्या टोनी ब्लांड खटल्याचा सविस्तर आधार घेतला आणि अशा वेळी उच्च न्यायालयानं पालकाच्या भूमिकेतून निर्णय द्यावा, असं ठरवलं. तिथे चित्र मात्र उलटं होतं: उपचार थांबवावेत अशी याचिका बाहेरच्या व्यक्तीची, आणि ‘आमची अरुणा आम्ही सांभाळू’ ही भूमिका रुग्णालयातल्या नर्स-डॉक्टरांची. न्यायालयानं त्यांचं ऐकलं.

मुलाचं हित सर्वांत वर, हे तत्त्व योग्यच आहे. आईबापांची माया कितीही खरी असली, तरी वेदना सोसायची असते ती मुलाला, आणि त्याच्या बाजूनं कुणीतरी तिसऱ्यानं बोलायलाच हवं. पण न्यायालय हे तत्त्व राबवतं तोवर फार उशीर झालेला असतो. जानेवारीत एकाच टेबलाशी बसून एकाच उपचाराचा विचार करणारी माणसं जुलैत एकमेकांची मोजमापं तपासत होती. न्या. फ्रान्सिस यांनीही शेवटच्या निकालात हे बोलून दाखवलं: अशा प्रत्येक प्रकरणात आधी मध्यस्थी व्हावी, समेट झाला नाही तरी समोरच्याची बाजू निदान कळते. चार्लीच्या आईवडिलांना सरकारी खर्चानं वकील मिळाला नाही, मानधन न घेता लढणाऱ्या वकिलांवर त्यांना विसंबावं लागलं, याचीही त्यांनी खंत व्यक्त केली.

पुढे चार्लीच्या पालकांनी ‘चार्लीज लॉ’साठी मोहीम उघडली. गंभीर इजेची कसोटी कायद्यात आली नाही, पण २०२२च्या आरोग्यसेवा कायद्यानं अशा वादांच्या कारणांचा अभ्यास करणं सरकारवर बंधनकारक केलं. नफिल्ड कौन्सिल ऑन बायोएथिक्सनं सप्टेंबर २०२३मध्ये अहवाल दिला. त्याचा भर कोर्टापेक्षा वॉर्डवर आहे: पालकांशी वेळेवर आणि स्पष्ट बोलणं, उपशामक (पॅलिएटिव्ह) सेवेची ओळख लवकर करून देणं, मध्यस्थ लवकर आणणं. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३मध्ये, नॉटिंगहॅमच्या रुग्णालयातल्या इंडी ग्रेगरी या आठ महिन्यांच्या मुलीचा खटला त्याच वाटेनं गेला. इटलीनं तिला नागरिकत्व दिलं, तरी इंग्लंडच्या न्यायालयांनी व्हेंटिलेटर काढण्याचाच आदेश कायम ठेवला.

पुढच्या आठवड्यात टेक्सास. तिथे १९९९च्या कायद्यानं उपचार थांबवण्याचा निर्णय रुग्णालयाच्या समितीकडे सोपवला आणि दुसरं रुग्णालय शोधायला कुटुंबाला दहा दिवस दिले. फोर्ट वर्थच्या टिन्सली लुईस या आजारी बाळाच्या आईनं या दहा दिवसांना आव्हान दिलं. एप्रिल २०२२मध्ये टिन्सली घरी आली, आणि पुढच्याच वर्षी टेक्सासनं ती मुदत पंचवीस दिवसांची केली.