गाडी उभी होती, ठोकली दुसऱ्याने

इलेक्ट्रॉनिक सिटीत ऑफिसबाहेर लावलेल्या नव्या मोटारीला कुणी ठोकले, तर भरपाईचे रस्ते दोन.

पहिला, स्वतःच्या सर्वसमावेशक विम्याचा. नव्या गाडीच्या धातूच्या भागांवर पहिले ६ महिने घसारा नसतो. पण ठोकर बहुधा बंपरलाच बसते, आणि प्लास्टिकवर पहिल्या दिवसापासून ५० टक्के घसारा कापतात. ‘झीरो डेप’ हे जादा संरक्षण घेतले असेल तर ही कपात टळते. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीच्या वजावटीचे १००० रुपये मात्र खिशातूनच. शिवाय दाव्यामुळे नो क्लेम बोनस जातो. पहिल्या वर्षाअखेरचा तो २० टक्के असतो, तोही फक्त ‘ओन डॅमेज’ म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर. चूक दुसऱ्याची होती, याने यात फरक पडत नाही!

दुसरा रस्ता ठोकणाऱ्याच्या थर्ड पार्टी विम्याचा. त्यासाठी पोलिसांत तक्रार आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण; ओरखड्यासाठी एवढी पायपीट परवडत नाही.

ठोकणारा समोर असेल आणि खर्च दोन-तीन हजारांचा, तर त्याच्याकडूनच वसुली बरी. मोठ्या नुकसानीत मात्र दुरुस्तीआधी विमा कंपनीला कळवा, गाडीचे फोटो काढा आणि ऑफिसकडून सीसीटीव्ही चित्रण लगेच मागून घ्या.