त्रिमितीय सूक्ष्मदर्शक : रचना व उपयोग

संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पदार्थाचा पातळ छेद काचपट्टीवर ठेवावा लागतो. प्रकाश त्यातून आरपार जातो. त्रिमितीय सूक्ष्मदर्शकात मात्र वस्तू न कापता, आहे तशीच ठेवतात व सामान्यतः तिच्यावर वरून प्रकाश टाकतात. दोन डोळ्यांसाठी दोन स्वतंत्र प्रकाशमार्ग असल्यामुळे वस्तूचा उंचसखलपणा जाणवतो. विवर्धन साधारणतः १० ते ५० पट एवढेच असते. परंतु भिंग व वस्तू यांत पुरेसे अंतर राहत असल्याने पाहता पाहता चिमटा वा सुई चालवता येते. म्हणूनच घड्याळदुरुस्ती, इलेक्ट्रॉनिक जोडण्यांची तपासणी, बीजपरीक्षण आणि उत्खननात सापडलेल्या जळक्या धान्याची ओळख अशा कामांत हे उपकरण वापरले जाते.

शिरपूर जैन (जि. वाशीम) परिसरातील विद्यार्थ्यांना जवळचे उदाहरण कपाशीचे. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने मोठे नुकसान केले. ही अळी नावाने गुलाबी असली, तरी अंड्यातून निघते तेव्हा पांढुरकी, गडद डोक्याची व जेमतेम १ मिलिमीटर लांबीची असते. लवकरच ती बोंडात शिरते, छिद्र बुजते आणि मग फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पात्या, फुले व कोवळी बोंडे या उपकरणाखाली तपासल्यास अंडी आणि नवजात अळ्या वेळीच ओळखता येतात. ओळख लांबली, तर फवारणीचा खर्चही जातो आणि पीकही.

स्वयं-अध्ययन प्रश्न : बोंडअळीच्या तपासणीत विवर्धनापेक्षा वस्तू अखंड पाहता येणे अधिक उपयुक्त का ठरते?