रेघेतून रोजी : कंपन्यांच्या वार्तापत्रांसाठी व्यंगचित्रे काढण्याचा व्यवसाय

पुण्याहून पौड रस्त्याने चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही मुळशी तालुक्यातील गावे एकामागून एक लागतात. एकेकाळी भातखाचरांसाठी ओळखला जाणारा हा तालुका. आज पिरंगुट परिसरात कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत, तर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडी आणि माणमध्ये, राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारती आहेत. या शेडमध्ये आणि इमारतींमध्ये काय तयार होते ते सर्वांना ठाऊक असते. पण यांतल्या अनेक ठिकाणी एक लहानशी गोष्ट नियमाने तयार होत असते, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती म्हणजे कंपनीचे अंतर्गत वार्तापत्र, ज्याला तेथे सगळे 'न्यूजलेटर' म्हणतात.

निवृत्त होणाऱ्या कामगाराचा फोटो, नवीन यंत्राची माहिती, सुरक्षा सप्ताहाच्या सूचना, साहेबांचे मनोगत असा मजकूर त्यात असतो. खरे सांगायचे तर साहेबांचे मनोगत फारसे कोणी वाचत नाही. सुरक्षेच्या सूचनाही डोळ्यांखालून नुसत्या जातात. पण त्याच पानावर हेल्मेट डोक्याऐवजी मोटारसायकलच्या आरशाला अडकवून निघालेल्या माणसाचे चित्र असेल, तर नजर थांबते. माणूस हसतो, शेजाऱ्याला दाखवतो आणि सूचना लक्षात राहते. असे चित्र कोणीतरी घरी टेबलावर बसून काढलेले असते आणि त्याचे पैसे घेतलेले असतात. हाच एक व्यवसाय आहे आणि आपल्या घरांतील मुलामुलींनी त्याचा विचार करावा, असे आम्हाला वाटते.

व्यापाराशी व्यंगचित्राची जुनी ओळख

धंद्यासाठी हसरे चित्र ही कल्पना काही आजची नाही. एअर इंडियाचा झुकून अदब करणारा महाराजा १९४६ मध्ये जन्माला आला. बॉबी कूका यांची ती कल्पना आणि उमेश राव यांचे ते रेखाटन. हातात रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला एशियन पेंट्सचा खोडकर गट्टू १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढला. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधील मुलगी १९६६ पासून सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांच्या कल्पकतेतून घरोघरी पोहोचली. ही तिन्ही चित्रे माल विकण्यासाठीच काढली गेली, पण लोकांनी ती घरातल्या माणसासारखी जवळ केली.

लक्ष्मण यांचा आणि पुण्याचा संबंध शेवटपर्यंत राहिला. २६ जानेवारी २०१५ रोजी त्यांचे निधन पुण्यातच झाले. त्यांच्या 'कॉमन मॅन'चा पुतळा पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात २००१ पासून उभा आहे. ज्या सेनापती बापट रस्त्यावर तो आहे, ते सेनापती बापट १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाचे नेते होते. टाटांच्या धरणासाठी जमिनी जाणाऱ्या मावळ्यांच्या बाजूने ते उभे राहिले. सामान्य माणसाचे चित्र आणि सामान्य माणसाचा लढा असे एकाच रस्त्यावर आले आहेत. २०२२ मध्ये बालेवाडीत लक्ष्मण यांच्या नावाचे कलादालन आणि संग्रहालयही सुरू झाले. मुळशीच्या मुलांना ते अगदी जवळ आहे. सुट्टीत एकदा जरूर न्यावे.

मराठीत या कलेचे दुसरे मोठे नाव शि. द. फडणीस. १९५२ च्या 'मोहिनी' दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरील त्यांचे चित्र जुन्या वाचकांना आठवत असेल : पुरुषाच्या शर्टावर मांजरे आणि शेजारच्या स्त्रीच्या साडीवर उंदीर. खाली एक शब्द नाही, आणि तरी सगळे समजते. वार्तापत्रासाठी चित्र काढणाऱ्याला यात मोठा धडा आहे. पिरंगुटच्या कारखान्यात मराठी कामगाराशेजारी बिहारचा, ओडिशाचा कामगार उभा असतो. ज्या चित्राला शब्द लागत नाही, ते चित्र सर्वांचे होते.

तिसरे नाव वसंत सरवटे. ते व्यवसायाने अभियंते, एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरीला. नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर व्यंगचित्रे काढली, पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांसाठी चित्रे केली. नोकरी सोडल्याशिवाय कला होत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण सांगावे. सुरुवात नोकरीसोबत, शिक्षणासोबत किंवा घरकामातून वेळ काढूनही करता येते.

आपल्या घरातील दोन प्रश्न

मुलाने किंवा मुलीने हे काम करायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो सजीवांच्या चित्रांचा. याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. काही जण हाताने काढलेले सजीवाचे कोणतेही चित्र वर्ज्य मानतात, काही जण गरज आणि हेतू पाहून सवलत देतात. हा निर्णय आम्ही देणार नाही. आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून प्रत्येक कुटुंबाने तो घ्यावा. एवढे मात्र सांगू की ज्यांना सजीव टाळायचे आहेत, त्यांच्यासाठीही या कामात जागा आहे. कंटाळलेला चहाचा कप, फायलींखाली चेपलेली खुर्ची, एकमेकांकडे पाठ फिरवलेले दोन संगणक, गंजून रडकुंडीला आलेला नटबोल्ट यांतूनही कार्यालयातील सारी गंमत सांगता येते. आपल्या परंपरेने सुलेखन आणि भौमितिक नक्षी यांतून किती सौंदर्य उभे केले, ते आपण जाणतोच. मर्यादेत राहून कला आटत नाही, कधीकधी ती जास्त खुलते.

दुसरा प्रश्न थट्टेचा. सूरह हुजुरात (४९:११) मध्ये एका गटाने दुसऱ्या गटाची टर उडवू नये, टोपणनावे ठेवून हिणवू नये अशी ताकीद आहे. मग व्यंगचित्र काढायचे कसे? याचे उत्तर या व्यवसायाच्या रिवाजातच आहे. वार्तापत्रातील चित्रात कोणाच्या रंगावर, जाडीवर, बोलण्याच्या ढंगावर, जातीधर्मावर, स्त्री असण्यावर विनोद चालत नाही. तसे चित्र गेले तर कंपनीकडे तक्रार होते आणि चित्रकाराचे काम जाते. येथे हसायचे ते परिस्थितीला : लांबलेल्या मीटिंगला, हिंजवडीच्या वाहतूक कोंडीला, ऐनवेळी बंद पडणाऱ्या प्रिंटरला. आपल्या लोककथांतील मुल्ला नसरुद्दीन काय करतो? तो स्वतःवर हसतो आणि ऐकणाऱ्याला शहाणा करतो. १९०६ मध्ये तिफ्लिस शहरात जलील मम्मदगुलूजादे यांनी त्याच्याच नावाचे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले आणि अझरबैजानच्या मुस्लिम समाजात शिक्षणाचा, स्त्रियांच्या हक्कांचा विषय घरोघरी नेला. हसणे आणि हिणवणे यांतला फरक ज्याला कळला, त्याला हे काम जमते.

काम चालते कसे

कंपनीत वार्तापत्राची जबाबदारी बहुधा मनुष्यबळ विभागाकडे किंवा जनसंपर्क विभागाकडे असते. तेथून विषय येतो : सुरक्षा, गुणवत्ता, पाण्याची बचत, नवीन पगारपद्धती. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्याला जोडून कारखान्यांत सुरक्षा सप्ताह होतो. म्हणजे फेब्रुवारीत या विषयावरील चित्रांना मागणी असते. मार्चमध्ये विचारायला गेलेला माणूस उशिरा पोहोचलेला असतो.

विषय मिळाला की चित्रकार दोन-तीन कल्पनांची कच्ची रेखाटने पाठवतो. त्यातील एक निवडली जाते, फेरफार सांगितले जातात, मग पक्के चित्र तयार होते. कागदावर शाईने काढून स्कॅन करावे किंवा टॅब्लेटवर काढावे, दोन्ही चालते. कल्पना सुचायला वेळ लागतो, रेघ मारायला नाही. म्हणून दर ठरवताना फक्त चित्र काढण्याचे तास मोजू नयेत. समजा, एका चित्रात विचाराचे तीन तास, रेखाटनाचे दोन आणि दुरुस्तीचा एक तास गेला, तर काम सहा तासांचे झाले. दोनदा दुरुस्ती मोफत, तिसऱ्या वेळेपासून वेगळे पैसे, हे आधीच सांगून ठेवावे. नाहीतर 'साहेबांना जरा वेगळे हवे होते' या एका वाक्यावर आठवडा निघून जातो.

तयारीसाठी महागड्या शिक्षणाची गरज नाही. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा द्याव्यात. त्यांनी हात तयार होतो. त्यानंतर रोज एक चित्र आणि रोजचे वर्तमानपत्र. वाचन नसेल तर कल्पना सुचत नाहीत. कारखान्यासाठी काढायचे तर कारखाना पाहावा, कामगाराशी बोलावे. आजकाल संगणकाला चार शब्द सांगितले की तोही चित्र काढून देतो आणि अनेकांना त्याची धास्ती वाटते. धास्ती अनाठायी नाही. साधी, कुठेही चालणारी चित्रे आता फुकटात मिळतील. पण दुसऱ्या पाळीच्या कँटीनमध्ये कांदापोहे संपल्यावर काय चर्चा होते, ते त्याला ठाऊक नाही. जे चित्र फक्त त्याच कारखान्यात समजते, त्याची किंमत राहील.

लिहून घ्या

या व्यवसायात मुले फसतात ती दोन ठिकाणी, हक्कात आणि पैशात. दोन्हींवर उपाय एकच : लिहून घेणे. सूरह बकरामध्ये (२:२८२) मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. आपण तो वाचतो, पण ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला लाजतो.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. सर्वसाधारणपणे चित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो. नोकरीत राहून, नोकरीचे काम म्हणून काढले तर करारात वेगळे नसल्यास मालक कंपनी. परंतु पैसे देऊन सांगून काढवून घेतलेल्या रंगचित्राबाबत आणि व्यक्तिचित्राबाबत, उलट करार नसेल तर, हक्क सांगणाऱ्याकडे जातो. रेघांचे व्यंगचित्र यात बसते की नाही, यावर वाद होऊ शकतो. म्हणून वादाला जागाच ठेवू नये. चित्र फक्त एका अंकासाठी दिले आहे, की जाहिरात, टी-शर्ट, कॅलेंडरसाठीही, ते स्पष्ट लिहावे. हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच व्हावा लागतो. लेखात मुदत नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. चित्र आपले असल्याचे सांगण्याचा आणि त्याची मोडतोड करून आपली बदनामी होऊ न देण्याचा हक्क तर हस्तांतरानंतरही चित्रकाराकडे राहतो.

आता पैसे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपल्याला पाठ असते. मोठ्या कंपन्यांच्या हिशेब विभागात मात्र बिल महिनोन्‌महिने फिरत राहते. यावर एक साधा उपाय आहे. एकट्याने काम करणाऱ्यालाही 'उद्यम' पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून विनामूल्य नोंदणी करता येते. आधार आणि पॅन पुरते. अशा नोंदणीनंतर २००६ च्या कायद्याचे संरक्षण मिळते : करार असला तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. न दिल्यास सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. प्राप्तिकर कायद्यातही २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तरतूद झाली आहे की मुदत उलटून थकलेली ही रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला खर्च म्हणून वजा करता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक दिसला की हिशेबनीसही जरा लवकर हलतो.

या कायद्यात उशिराबद्दल चक्रवाढ व्याजही सांगितले आहे. व्याज घेणे आपल्याला मान्य नाही. पण व्याज नको म्हणून मूळ रकमेचा हक्क सोडायचे कारण नाही. मुदतीची आठवण देणारे पत्र पाठवावे, मूळ रक्कम ठामपणे मागावी. त्याहून चांगले म्हणजे निम्मी रक्कम कामाआधी घ्यावी.

घरच्यांना विनंती

हे काम घरबसल्या होते, भांडवल थोडे लागते, त्यामुळे आपल्या मुलींसाठी आणि बहिणींसाठी ते विशेष सोयीचे आहे. पण सोयीचे म्हणजे फावल्या वेळेतला खेळ नव्हे. ती टेबलाशी बसली असताना 'चित्रच काढतेय ना, आधी चहा टाक' असे म्हणणारे घर तिचा व्यवसाय उभा राहू देणार नाही. नोकरीवर गेलेल्या भावाला आपण मध्येच हाक मारतो का? तिच्या दोन तासांनाही तोच मान द्यावा. तिच्या कमाईवर तिचा हक्क आहे, हे वेगळे सांगायला नको.

सुरुवातीला केवळ या कामावर घर चालेल असे आम्ही म्हणणार नाही. दोन-तीन कंपन्या नियमित मिळेपर्यंत वर्ष-दोन वर्षे जातात, तोवर दुसरा आधार हवा. दहा निवडक चित्रांची एक फाइल करावी आणि पहिली भेट जवळच्याच दारात द्यावी : ओळखीचा कारखाना, पतसंस्था, दवाखाना, शाळा. प्रामाणिक रेघेने कोणालाही न दुखवता चार माणसांना हसवून मिळवलेली रोजी हलाल आहे आणि तिच्यात अल्लाह बरकत देवो, हीच आमची दुआ.